तलावाच्या काठची दहा सेंटिमीटर

पाऊस परतला की अलिबाग तालुक्यातल्या किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यात बंगल्यांची कुलपं उघडायला लागतात. दिवाळीच्या सुटीत मालक येणार, पाहुणे येणार, भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांच्या तारखा तर आधीच लागलेल्या. त्यामुळे तलाव सांभाळणारा माणूस सगळ्यात आधी पाण्याच्या मागे लागतो. आठवड्याभरात पाणी निळंशार होतं. फोटोपुरतं काम झालं. पण 'पावसाळ्यानंतर' हा या अंकाचा विषय धरून पाहायचं, तर नजर पाण्यावरून उचलून काठावर आणावी लागते. मालकापासून माळ्यापर्यंत सगळे ज्याला 'डेक' म्हणतात, तो तलावाभोवतीचा काँक्रीटचा पट्टा मे महिन्यात नीटनेटका दिसत होता; ऑक्टोबरात त्याचा चेहरा बदललेला असतो. तलावाची कड आणि डेक यांच्यातली फट बोट जाईल इतकी रुंदावलेली. एक कोपरा दोनेक सेंटिमीटर खचलेला आणि तिथे पाणी साचलेलं. फरशांच्या सांध्यांतून पांढरा लोणा फुटलेला. नाण्याने ठोकत गेलं तर मध्येच एखादी फरशी पोकळ वाजते. सावलीच्या बाजूला शेवाळाचा काळा थर, आणि शिडीचे पाय जिथे रोवलेत तिथून निघालेली तांबूस तड.

याचं खापर फुटतं ते पावसावर. कोकणातला पाऊस, त्यात समुद्राचा खारा वारा, वर एप्रिल-मेचं ऊन. याच्यापुढे काँक्रीट तरी काय करणार, असा हा युक्तिवाद. तो ठेकेदाराच्या सोयीचा आहे, मालकालाही पटतो, आणि बराचसा चुकीचा आहे. हवामान कठोर आहे यात शंका नाही. पण डेक मरतो तो पडलेल्या पाण्याने नव्हे, अडकलेल्या पाण्याने. आपल्याकडे डेक बांधताना पैसा आणि अक्कल खर्च होते पाणी वरच्यावर अडवण्यात: महाग फरशी, वर लेप, त्यावर आणखी एक लेप. पाण्याला बाहेर जायला वाट ठेवण्याचा विचार बहुधा होतच नाही.

तलाव हा मूठभरांचा थाट, त्याच्या काठासाठी दिवाळी अंकाची पानं कशाला, असं कोणी म्हणू शकेल. थाट आहेच. पण सोसायटीचा पोडियम, शाळेपुढचं सिमेंटचं पटांगण, गावातला काँक्रीटचा रस्ता आणि कर्ज काढून बांधलेल्या घरगुती निवासाचं अंगण हे सगळं याच काँक्रीटचं आणि याच चुकांचं बनलेलं असतं. तलावाच्या डेकवर ऊन, पाऊस, मीठ, क्लोरीन आणि ओले अनवाणी पाय हे सगळं एकाच जागी येतं, म्हणून तिथे चूक लवकर उघडी पडते, इतकंच.

पाच तलावांचं पाणी

बंगल्याचा मध्यम तलाव आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल धरला, तर त्यात चाळीस हजार लिटर पाणी मावतं. भोवतालचा डेक शंभर चौरस मीटरचा असेल आणि वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस पडत असेल (अलिबागला त्याहून थोडा जास्तच पडतो), तर एका हंगामात त्या डेकवर दोन लाख लिटर पाणी कोसळतं. म्हणजे शेजारचा तलाव पाच वेळा भरेल इतकं. लोणावळ्यात पाऊस चार हजारांच्या वर, तिथे दहा वेळा. आणि हे पाणी वर्षभर हप्त्याहप्त्याने येत नाही, चार महिन्यांत येतं, त्यातही काही दिवसांत तुटून पडतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तसा एकच दिवस या डेकवर उगवला तर दोन तलाव भरूनही पाणी उरेल.

तलाव बांधणारे चाळीस हजार लिटरची काळजी वाहतात. त्याला पंप, फिल्टर, पाइपांचं जाळं. शेजारच्या दोन लाख लिटरसाठी मात्र कोपऱ्यात एक जाळी. शास्त्र असं सांगतं की डेकला मीटरला दोन सेंटिमीटर ढाळ हवा आणि तो तलावाच्या उलट दिशेने हवा, म्हणजे अंगणातली माती नि पाला पोहण्याच्या पाण्यात जाणार नाही. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ढाळ तलावाकडेच दिलेला दिसतो, कारण मग नाली बांधावी लागत नाही. पाणी तलावातूनच ओसंडून जातं. जिथे नाली आहे तिथे तिची रुंदी दिसायला बरी म्हणून चार बोटं ठेवलेली. किनाऱ्यालगतच्या बंगल्यांना सुरूच्या झाडांचं भारी कौतुक, आणि सुरूच्या बारीक सुया जाळीच्या फटीत अडकल्या की पहिल्याच मोठ्या सरीला नाली बंद. ढाळाला मालकांचा एक ठरलेला आक्षेप असतो: खुर्च्या डुगडुगतील, टेबलावरचा पेला कलेल. मीटरमागे दोन सेंटिमीटरचा ढाळ चालताना पायाला जाणवत नाही. डेक फार रुंद असेल तर मध्ये आणखी एक नाली काढून ढाळ दोन तुकड्यांत वाटता येतो. साचलेल्या पाण्यावरचं शेवाळ मात्र पायाला चांगलंच जाणवतं.

जे पाणी नालीला लागत नाही ते फटींतून खाली जातं, आणि खाली तलावाच्या भिंतीमागे साठतं. तलाव भरलेला असेतो आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला तोलून धरतं. पण भर पावसाळ्यात 'वापर नाही तर साफ करून घेऊ' म्हणून तलाव उपसला, की तोल गेला. जमिनीतलं पाणी तळाच्या अर्धा मीटर वर असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून अर्धा टनाचा रेटा येतो. दोनशे मिलिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तळाचं वजनही चौरस मीटरला तेवढंच. पाणी त्याहून वर आलं की भिंतींच्या वजनावर सगळी भिस्त, आणि ती कमी पडली तर तळ फुटतो किंवा अख्खी टाकी वर उचलली जाते. किनाऱ्याजवळ जुलैत विहिरीचं पाणी हाताला लागण्याइतकं वर येतं, तिथे ही भीती पुस्तकी नाही. डेकखालचं पाणी पाइपाने बाहेर काढणं हा म्हणूनच काठ वाचवण्यापुरता प्रश्न राहत नाही.

भेग कुठे पडली ते पाहा

डेकवरची सगळ्यात बोलकी भेग तलावाच्या कडेला समांतर, साधारण मीटरभर अंतरावर पडते. तिचं कारण खड्ड्यात आहे. तलाव खणताना शटरिंग लावायला आणि भिंतीला बाहेरून हात फिरवायला चारी बाजूंनी जागा सोडावी लागते. टाकी उभी राहिली की ही चर बुजवायची. ती बुजते खणून काढलेल्याच मालाने: चिखलट माती, चिऱ्यांचा चुरा, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. जेसीबी एका दुपारी सगळं ढकलून देतो, वरून पाण्याचा पाइप सोडून भराव 'बसवला' जातो, आणि पुढच्या आठवड्यात त्यावर डेक पडतो. आता हा दहा सेंटिमीटर जाडीचा पट्टा एका बाजूला न हललेल्या जमिनीवर, मध्ये भुसभुशीत भरावावर आणि दुसऱ्या टोकाला तलावाच्या पक्क्या भिंतीवर टेकलेला. पहिल्या पावसात भराव खरोखर बसतो. डेक चरीच्या काठावर मोडतो. वरच्या काँक्रीटची प्रत कितीही चढी असो, खालचा आधार गेल्यावर ते मोडणारच.

पूर्वीचे गवंडी भराव एक पावसाळा खाऊ द्या म्हणत, आणि मग फरसबंदी करत. आजच्या मालकाला तितकी सवड नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. थांबण्याला पर्याय आहे. मुरूम पंधरा-वीस सेंटिमीटरच्या थरांनी टाकायचा, प्रत्येक थर ओलसर करून यंत्राने ठोकायचा, मगच पुढचा थर. यात जेसीबीच्या एका दुपारच्या जागी चार-पाच दिवस जातात. मुरमावर फक्त मोठ्या खडीचा, चुरा नसलेला थर, त्यात भोकांचा पाइप, आणि पाइपाचं तोंड आवाराबाहेर उतारावर किंवा शोषखड्ड्यात. पाण्याला अशी वाट दिली तर त्याबरोबर मातीही वाहून जाईल आणि डेक आणखी खचेल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मुरूम आणि खडी यांच्यामध्ये गाळणीचं कापड लागतं: पाणी सोडणारं, माती धरणारं. हे कापड न घालता केलेली नाली ही नाली नसल्यापेक्षा वाईट.

'आमच्याकडे जांभा आहे, पाणी आपोआप जिरतं' असंही कोकणात हमखास ऐकायला मिळतं. वरचा सच्छिद्र जांभा पाणी घेतो हे खरं. पण त्याखाली पुष्कळ ठिकाणी शेडी माती लागते, आणि शेडी पाणी जिरू देत नाही, ओली झाली की लोण्यासारखी सरकते. तलावाचा खड्डा नेमका जांभा फोडून त्या शेडीपर्यंत पोचतो.

मीठ बाहेरचं आणि घरचं

काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं, आणि त्या गुणामुळेच आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा धरून राहतो. क्लोराइड, म्हणजे मिठातला अर्धा भाग, पाण्याबरोबर आत शिरून हा पापुद्रा फोडतं. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटी-तिपटीहून अधिक जागा मागतो आणि वरचं काँक्रीट आतून उखडतो. मीठ आत न्यायला पाणी लागतं आणि गंज धरायला हवाही. सतत बुडालेल्या काँक्रीटपेक्षा ओलं-सुकं, ओलं-सुकं होणारं काँक्रीट लवकर खराब होतं ते यामुळेच. डेक दिवसातून दहादा ओला-सुका होतो.

समुद्राचा वारा हे मिठाचं एक दार. दुसरी दारं माणसाने उघडलेली. खाडीची वाळू नीट न धुता वापरली की मीठ काँक्रीटमध्ये जन्मापासूनच. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि बांधकामाचा जोर नेमका तेव्हाच असतो. ते पाणी मिक्सरमध्येही जातं आणि काँक्रीटवर मारायलाही. भारतीय मानक ४५६ सळईच्या काँक्रीटसाठी लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराइड चालवून घेतं. आणि तिसरं दार म्हणजे खुद्द तलाव. हल्ली क्लोरीनच्या गोळ्यांऐवजी पाण्यात मीठ घालून त्यातूनच क्लोरीन तयार करणारी यंत्रं लोकप्रिय आहेत. त्यांना लिटरमागे तीन ते चार ग्रॅम मीठ लागतं. समुद्रात ते पस्तीसच्या आसपास. म्हणजे लोणावळा-पाचगणीच्या डोंगरात, समुद्रापासून कोसभर लांब नव्हे तर घाटावर, मालकाने स्वतःच्या अंगणात एक दशांश समुद्र आणून ठेवलेला असतो. पोरांनी उड्या मारल्या की तो डेकवर सांडतो, ऊन पाणी उडवून नेतं, मीठ तिथेच राहतं. यंत्र विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात त्वचेबद्दल, डोळ्यांबद्दल पुष्कळ असतं, काठच्या फरशीबद्दल शब्द नसतो.

मग उपाय म्हणून जास्त सळई घातली जाते, आणि इथे बांधकामाची एक उलटी गंमत दिसते. याच मानकात किनारी हवेसाठी किमान एम-३० प्रतीचं काँक्रीट, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५च्या आत आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे. समुद्राचे तुषार थेट येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. दहा सेंटिमीटर जाडीच्या डेकमध्ये दोन्ही बाजूंनी एवढं कव्हर सोडलं तर सळईला उरते मधली एक रेघ. प्रत्यक्षात जाळी सोलिंगवर अंथरतात, काँक्रीट ओतताना आकड्याने वर ओढतात, आणि ओतणारे तिच्यावरूनच चालत असल्याने ती पुन्हा तळाला जाते. तळाला पडलेली सळई भेगा धरून ठेवत नाही, फक्त गंजते. भराव चांगला ठोकलेला असेल आणि सांधे जवळ घेतले असतील, तर जमिनीवरच्या छोट्या डेकला सळई अजिबात नसलेली बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. यावर विजेचं काम करणारे हरकत घेतात आणि ती ऐकायलाच हवी: डेकमधली जाळी, शिडी, पंप हे सगळं धातूचं एकत्र जोडून ठेवणं हा तलावात विजेचा धक्का बसू नये म्हणूनचा बंदोबस्त असतो. सळई काढली तर त्याजागी तलावाभोवती तांब्याची तार फिरवावी लागते. ती खर्चिक असली तरी सगळ्या डेकभर सळई गंजत ठेवण्यापेक्षा स्वस्त पडते.

पहिले दहा दिवस

डेक साधारणपणे कामाच्या अगदी शेवटी पडतो. पैसे संपत आलेले, उद्घाटनाची तारीख छापलेली, मराठवाड्यातून किंवा उत्तर कर्नाटकातून आलेली टोळी गावाकडे निघायच्या घाईत, महिना एप्रिल. तयार काँक्रीटची गाडी वडखळच्या वाहतुकीतून वाट काढत, मग बंगल्याच्या अरुंद गल्लीत मागे-पुढे होत पोचेपर्यंत माल घट्ट झालेला. कोणीतरी पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडतो. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला ०.४५ प्रमाणाने साडेबावीस लिटर पाणी, आणि त्यात वाळूतला ओलावाही आला. त्यावर घातलेली प्रत्येक बादली पुढे उडून जाते आणि जाताना मागे बारीक पोकळ्यांचं जाळं ठेवते. मीठ आत शिरतं ते याच जाळ्यातून. माल घट्ट झाला तर तो सैल करायला रसायन मिळतं. पाणी हा त्याला पर्याय नाही.

मग थापीचं काम. वर पाणी सुटलं की ते लवकर आटावं म्हणून कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटायची आपल्याकडे जुनी खोड. त्याने पृष्ठभाग आरशासारखा होतो, मालक खूश होतो, आणि वर्षभरात तोच थर बारीक जाळीदार भेगांनी भरून भुकटी सोडायला लागतो. ओल्या पायांच्या जागी आरसा मुळात हवाच कशाला? पाणी आपणहून आटू द्यावं, लाकडी रंध्याने सपाट करावं आणि शेवटी ढाळाच्या दिशेने खराटा फिरवावा. खराट्याच्या रेघा पाय धरून ठेवतात आणि पाणी नालीकडे नेतात. हे फिनिश सगळ्यात स्वस्त, त्यामुळेच कदाचित कोणाला पटत नाही.

यानंतरचं पाणी मारणं हे डेकच्या आयुष्यातलं सगळ्यात स्वस्त औषध, आणि त्यातच सगळ्यात जास्त चोरी होते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, कोरड्या गरम हवेत दहा. राखमिश्रित किंवा स्लॅग सिमेंटला किमान दहा, शक्यतो चौदा. किनाऱ्यावर ही मिश्रित सिमेंटच वापरावीत, कारण ती मिठाला जास्त वेळ बाहेर ठेवतात; पण त्यांचा हा गुण भरपूर ओलाव्यात मुरल्यावरच उतरतो. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवण्याला पाणी मारणं म्हणत नाहीत. दुपारच्या वाऱ्यात ते अर्ध्या तासात उडतं. मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचं, किंवा ओली गोणपाटं अंथरून वर प्लास्टिक. मे महिन्यात गोड्या पाण्याचा टँकर विकत घ्यावा लागतो, हा खर्चाचा आक्षेप खरा आहे. प्लास्टिकखालची गोणपाटं थोडक्या पाण्यात भागवतात, आणि निवडलेल्या फरशीच्या खर्चापुढे दोन-तीन टँकरांची किंमत किरकोळ असते.

सांध्यांचा हिशेब सोपा आहे. दहा मीटर लांब डेक वाळताना सुमारे तीन मिलिमीटर आकसतो, आणि उन्हा-पावसातल्या तीस अंशांच्या फरकाने आणखी तीन मिलिमीटर हलतो. तो कुठेतरी फुटणार हे ठरलेलं. आपण जागा ठरवून दिली नाही तर तो स्वतः ठरवतो. दहा सेंटिमीटर जाडीला अडीच-तीन मीटरवर, पाव जाडी खोल काप, आणि तोही ओतल्याच्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी. आठवड्याने मशीन आणून कापलेला सांधा भेगेच्या शेजारून जातो.

'वॉटरप्रूफिंग करून टाका'

डेक बिघडला की पहिला सल्ला हाच. बाजारात इपॉक्सी, ॲक्रिलिक, पॉलियुरेथेन, जे मागाल ते. वर पापुद्रा धरणारा लेप खालून येणाऱ्या वाफेलाही अडवतो, आणि कोकणात जमिनीचा ओलावा नोव्हेंबरपर्यंत वर येत राहतो. लेप फुगतो, फुग्याखाली पाणी धरतं, शेवाळाला आयतं घर मिळतं. यापेक्षा काँक्रीटच्या छिद्रांत शिरून पाणी झटकणारी, पण वाफ जाऊ देणारी सिलेन-सिलोक्सेन जातीची द्रव्यं बरी. ती दिसत नाहीत आणि काही वर्षांनी पुन्हा लावावी लागतात, हे त्यांचे दोन 'दोष'.

मग काँक्रीट झाकूनच टाकलं तर? कोटा, कडाप्पा, ग्रॅनाइट, लाकडासारखी दिसणारी टाइल. दगडाने काँक्रीटचं रक्षण होतं हा समज आहे. दगडाखाली पाणी अडकतं ही वस्तुस्थिती. त्यात खालच्या सांध्यांच्या रेघा वरच्या फरशीत उमटू द्यायला मालक तयार नसतो, म्हणून फरशी नेमकी खालच्या सांध्यावर तडकते. काळ्या कडाप्प्यावर एप्रिलच्या दुपारी पाय ठेवून पाहावा. मोकळ्या सांध्यांचे पेव्हर हा खरोखरच चांगला पर्याय आहे, हे मान्य करायला हवं: पाणी खाली जातं, खचलेला तुकडा उचलून पुन्हा बसवता येतो. पण त्यांचाही जीव खालच्या ठोकलेल्या भरावात, आणि दर पावसाळ्यानंतर सांध्यांत वाळू भरावी लागते. म्हणजे फिरून तिथेच.

देखभालीबद्दल कोकणाला शिकवायची गरज नसावी. इथलं खळं दर पावसाळ्यानंतर खणून, चोपण्याने चोपून, सारवून नवं केलं जात असे. पाऊस ते मोडणार हे गृहीतच होतं. सिमेंट आलं आणि एकदा केलं की सुटलो अशी समजूत त्याच्याबरोबर आली. डेकला वर्षातून दोनदा हात लागतो. मृगाच्या आधी नाल्या उपसणं, पाइपाच्या तोंडाशी पाणी निघतं का ते पाहणं, तलावाची कड आणि डेक यांच्यातला लवचीक सांधा कुठे सुटला असेल तर कापून नव्याने भरणं. तो सांधा सिमेंटने बुजवायचा नाही. टाकी आणि डेक वेगवेगळे हलतात, त्यांना बांधलं तर दोघांपैकी एक फुटतो. पावसानंतर शेवाळ ताठ ब्रशने काढणं. ॲसिड नको. डाग काढायला डेकवर ॲसिड ओतायची पद्धत सर्रास आहे. त्याने डागाबरोबर सिमेंटच विरघळतं, आणि खरखरीत झालेल्या जागी पुढच्या वर्षी शेवाळ दुप्पट धरतं. जोरदार जेटचंही तेच. शिडी-कठड्यांचे पाय ३१६ प्रतीच्या स्टीलचे हवेत. स्वस्त ३०४ खाऱ्या हवेत डागाळतं, आणि डेकमध्ये रोवलेल्या टोकाशी गंज धरला की काँक्रीट तिथून तडकतं.

हा सांधा कोणाचा?

एवढं सगळं माहीत असलेली माणसं या धंद्यात पुष्कळ आहेत. मग डेक बिघडतात का? कारण कामाची वाटणी अशी असते की बिघाडाची जागा कोणाच्याच हद्दीत येत नाही. तलाववाला टाकी, पंप आणि फिल्टर करतो. भराव जेसीबीवाल्याचा. डेक बंगल्याच्या ठेकेदाराचा, फरशी फरशीवाल्याची, नाली बागवाल्याची. टाकी आणि डेक यांच्यातला सांधा तलाववाला ठेकेदारावर ढकलतो, ठेकेदार तलाववाल्यावर. दरपत्रकात फरशीची जात, रंग, आकार आणि चौरस फुटाचा भाव असतो. भराव, खडी, कापड, पाइप, पाणी मारणं हे सगळं 'इतर' या एका ओळीत. मालकाने दुकानात जाऊन फरशी निवडलेली असते, भराव निवडायला कोणी दुकान नसतं. खर्च कमी करायची वेळ आली की कात्री 'इतर'वर चालते.

म्हणून बदल करायचा तो सामानात नव्हे, कागदात. भरावापासून सांध्यापर्यंतचं काम एकाच माणसाच्या नावावर लिहावं आणि 'इतर'ची ओळ फोडून प्रत्येक थराचा वेगळा भाव मागावा. काँक्रीट ओतण्याआधी नालीत टँकरभर पाणी सोडून ते बाहेर पडतं का, हे सगळ्यांदेखत पाहावं. आणि शेवटचा हप्ता कॅलेंडरच्या तारखेला नव्हे, पहिला पावसाळा संपल्यावर द्यावा. यावर छोट्या ठेकेदारांचं म्हणणं असतं की पाच-सहा महिने पैसे अडकले तर टोळीला काय द्यायचं, आणि ते म्हणणं खोटं नाही. मजुरीचा भाग लगेच चुकता करून फक्त ठेकेदाराच्या नफ्याचा हिस्सा मागे ठेवला तर त्यातून मार्ग निघतो. आणि ज्याने भराव नीट ठोकलाय त्याला ही अट मान्य करायला फारसं जड जात नाही. बंगला एखाद्या प्रकल्पात विकत घेतलेला असेल तर २०१६च्या रेरा कायद्याचं चौदावं कलम मदतीला आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष दिसला, तर तो विकासकाने, कळवल्यापासून तीस दिवसांत, स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. स्वतःच्या जागेवर स्वतः ठेकेदार नेमून बांधणाऱ्याला हे कवच नाही. त्याच्या हाती असतो फक्त ठेकेदाराने सही केलेला कागद, आणि त्यावर 'इतर' या ओळीपुढे काय लिहिलंय ते.